तीन दरपत्रकं आणि एक जेवण

बाहेर जेवणं ही चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्याबरोबर चार दिवस मोठ्या शहरात यावं. तिसऱ्या दिवशी ते बिस्किटाच्या पुड्यापुढे हात जोडतील.

मुळात कल्पना माझ्या मेव्हण्याची. तो त्या शहरात राहतो, आणि ते शहर आपण परीक्षा देऊन मिळवलंय अशा थाटात राहतो. त्याचा फोन आला की तो आणि त्याची बायको आठवडाभर बाहेरगावी चाललेत, फ्लॅट रिकामाच आहे, तर ताईने आणि भाऊजींनी येऊन राहावं, चार दिवस शहर बघावं. फोन ठेवता ठेवता त्याने सहज सांगितलं की गॅलरीत काही कुंड्या आहेत. काही म्हणजे किती हे मला तिथे गेल्यावर कळलं, पण तो वेगळा विषय आहे.

मी बायकोला विचारलं. ती शाळेत शिकवते, म्हणजे सकाळचा स्वयंपाक करून शाळेत जाते आणि रात्रीचा करायला परत येते. ती म्हणाली, "येते. पण चार दिवस मी स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही. चहालासुद्धा नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

"आणि ठेवावा लागला, तर यापुढे तुमच्याबरोबर मी कुठल्याही गावाला येणार नाही. बहिणीबरोबर जाईन. तुम्ही घरी बसा."

आता हे काही उगाच नव्हतं. आमचे आजवरचे प्रवास आठवले तर तिचंही बरोबर होतं. माझ्या आत्याकडे गेलो तेव्हा ती सगळा मुक्काम कांदे चिरत होती. समुद्रावर गेलो तेव्हा तिथल्या खोलीत एक शेगडी होती, आणि बाहेरचं खाऊन पोट बिघडेल असं मीच म्हणालो होतो. समुद्र तिने खिडकीतून पाहिला, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत. तेव्हा मी तिला शब्द दिला. म्हटलं, जेवणाची जबाबदारी माझी, चारही दिवस, उत्तमोत्तम हॉटेलं, तू फक्त बसायचं आणि जेवायचं. एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, "मी रीतसर निवड करतो." घोळ तिथेच झाला.

मी भांडार व खरेदी विभागात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे तीन दरपत्रकांशिवाय काडीही विकत घेतली जात नाही. साधा झाडू घ्यायचा तरी तीन दुकानांकडून दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, तो साहेबांपुढे ठेवायचा, साहेबांनी त्यावर 'चर्चा करा' असं लिहून परत पाठवायचा. चर्चा होईपर्यंत कचरा वाऱ्याने आपोआप गेलेला असतो. लोक याला हसतात. पण इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचा झाडू आलेला नाही, हे मी नम्रपणे सांगतो. झाडूला जर एवढी काळजी, तर माणसाच्या जेवणाला किती हवी? म्हणून मी ठरवलं, प्रत्येक जेवणासाठी तीन हॉटेलं बघायची, तुलना करायची आणि मगच एक निवडायचं.

मी कुठे जातोय हे इमारतीत कुणाला सांगितलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, आणि वरच्या मजल्यावरचे रेडिओ खाली आले. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे. पण ते एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून सगळी इमारत त्यांना रेडिओच म्हणते. तरुणपणी ते त्या शहरात नोकरीच्या प्रशिक्षणाला गेले होते, आणि तिथल्या एका हॉटेलात सूप प्यायले होते. ते सूप त्यांनी मला दीड तास सांगितलं. त्यात चमचा उभा राहायचा. दुसरीकडे कुठेही जेवलात तर माझ्याशी बोलू नका, म्हणाले. मला क्षणभर मोह झाला. पण बायको म्हणाली, शेजारी आहेत, दुखवू नका.

मग समोरच्या काकू आल्या. काकू त्या शहरात कधी गेलेल्या नाहीत, पण तिथे जाऊन कुणाकुणाचं पोट बिघडलं याची त्यांना खडान्‌खडा माहिती आहे. पाणी उकळलेलं आहे का असं विचारायचं नाही, त्या म्हणाल्या, कारण ते हो म्हणतात. उकळताना स्वतः बघायचं. कच्चं काही खायचं नाही, थंड खायचं नाही, झाकण नसलेलं खायचं नाही, आणि जिथे गर्दी नाही तिथे जायचं नाही. गर्दी असेल तिथे तर मुळीच नाही, कारण गर्दीत हात कोण धुतो? त्यांच्या अटी लावून पाहिल्यावर जगात उकडलेलं अंडं आणि केळं एवढंच उरत होतं.

तरी मी चिकाटीने कामाला लागलो. मेव्हण्याकडून, कचेरीतल्या मंडळींकडून, दिसेल त्याच्याकडून हॉटेलांचे नंबर घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन लावले. आता कचेरीच्या टेबलावर बसून फोन उचलला की तोंडातून जे निघतं तेच निघालं. "भांडार व खरेदी विभागातून बोलतोय. आपल्याकडची बसण्याची व्यवस्था, स्वच्छता आणि दर यांची माहिती हवी आहे." पलीकडची माणसं एकदम मऊ व्हायची. एकाने तर "सर, आपण नक्की कधी येणार?" हे इतक्या काळजीने विचारलं की मला वाटलं, मोठ्या शहरातल्या लोकांना माणुसकी नसते म्हणतात ते किती खोटं आहे.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही रेडिओंच्या हॉटेलात गेलो. म्हणजे त्या पत्त्यावर गेलो. तिथे चष्म्याचं दुकान होतं. मी आत जाऊन सूपची चौकशी केली. दुकानदार भला माणूस होता. हॉटेल त्याच्या वडिलांच्या काळातच गेलं, म्हणाला, पण आलाच आहात तर नंबर तपासून घ्या. मी नको म्हणत होतो, तरी खुर्चीत बसवलं. एका डोळ्यावर झाकण ठेवून मी भिंतीवरची अक्षरं वाचत असताना बायको दारात उभी राहून रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जेवणारी माणसं बघत होती. ते हॉटेल आपल्या निवडीत नाही, हे मी तिला एकाच डोळ्याने खुणावलं. माझा नंबर वाढलेला निघाला, आणि तिथल्या तिथे नव्या काचा बसवून घ्याव्या लागल्या. आम्ही बाहेर आलो तोवर दुपारची सगळी हॉटेलं बंद झाली होती, आणि आम्ही बेकरीतला गोड पाव बाकावर बसून खाल्ला.

बायकोने पावाचे कण झटकले आणि म्हणाली, चला.

संध्याकाळी परतलो तेव्हा मेव्हण्याच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक लहानसं हॉटेल दिसलं. चार टेबलं, गल्ल्यावर एक बाई, आणि आतून लसूण परतल्याचा असा वास की भरल्या पोटाचा माणूसही थबकावा. आमची पोटं भरलेली नव्हती. बायको थबकली.

"इथे बसू या की."

"याचं दरपत्रक नाही आपल्याकडे."

"दर भिंतीवर लिहिलेत."

"अगं, पण एकच. तुलना कशाशी करणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हे बघणं मला लग्नापासून माहीत आहे आणि त्याचा अर्थ अजून सांगता येत नाही. पण चांगला नसतो.

तेव्हा मला घाई नव्हती, कारण रात्रीसाठी माझी व्यवस्था चोख होती. एकाच वेळेला तीन हॉटेलांत दोन-दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. तिन्ही एकाच भागात, चालत जाण्याच्या अंतरावर. प्रत्यक्ष पाहणी करायची, तुलना करायची, निवडायची. कागदावर यात एकही चूक नाही, मी आजही सांगतो. आम्ही पहिल्यात गेलो, डोकावलो, मी म्हणालो छान आहे, पण आधी बाकीची दोन बघू. दुसऱ्यात गेलो. तिथला दिवा फारच मंद होता, मी ते मनात टिपून घेतलं. तिसरं चौक ओलांडून होतं. तिथे पोचतोय तोच पहिल्याचा फोन आला, येताय ना? म्हटलं, वाटेत आहे. दुसऱ्याचा आला. त्यालाही वाटेतच आहे म्हणालो. खरंच होतं, मी तिघांच्याही वाटेत होतो. तिसरं पाहून झालं आणि पहिलंच बरं असा निर्णय झाला, तेव्हा पहिल्याने आमच्या खुर्च्यांवर एक लठ्ठ कुटुंब बसवलं होतं. दुसऱ्याकडे धावलो, तर मुदत संपली. तिसऱ्याचा दारवान म्हणाला, तुम्ही आत्ताच नाक मुरडून गेलात ना?

मी नाक मुरडलं नव्हतं. मी पाहणी करत होतो. पण हा फरक दारवानाला कोण समजावणार?

त्या रात्री बिस्किटं खाल्ली. बायकोने तिच्या पिशवीतून काढली. म्हणजे ती घरून निघतानाच घेऊन आली होती, आणि हे मला बिस्किटांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणुसकीवाल्या शहराचा खरा चेहरा दिसला. निवडलेल्या पहिल्या हॉटेलाच्या दारावर पाटी, 'दुरुस्तीसाठी बंद'. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या दारावर तीच. शेजारचा पानवाला म्हणाला, कालपर्यंत चालू होतं हो, कुठल्याशा खात्याचा कडक साहेब तपासणीला येणार आहे म्हणे, मालकाने घाबरून कुलूप लावलं. मी म्हणालो, अशा साहेबांचं काय करावं, लोकांच्या पोटावर पाय. बायको मात्र पाटीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही फोनवर काय बोलला होता?" तिने विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता मलाच घाम फुटला.

शहाण्या माणसाने तिथेच सगळं सोडून कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसायला हवं होतं. पण संध्याकाळचं हॉटेल चालू होतं. आम्ही पोचलो तर दारात कोट आणि टोपी घातलेला मालक आणि त्याच्यामागे चार माणसं रांगेत, डोक्यावर कडक पांढऱ्या टोप्या. मालक म्हणाला, "या सर. आधी स्वयंपाकघर बघता का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी अशा आवाजात सर म्हटलेलं नाही. आमच्याकडे शिपाईसुद्धा मला 'अहो ते' म्हणतो. मी आत गेलो. बायकोलाही मालकाने आग्रह केला, मॅडम, आपणही या. ती झुलत्या दरवाज्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मी इथूनच बघते." तिचा पाय दाराच्या बाहेर होता, मी नीट पाहिलं.

आत गेल्यावर मला राहवलं नाही. झाकणं उचलून पाहिली. फळीवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. "हं" म्हणालो. प्रत्येक हं ला मालक एकेक इंच खचत होता. मोरीची जाळी सैल होती, ते मी दाखवलं, तर तिघे जण पाना आणायला धावले. आता जाळी बसेपर्यंत शेगड्या बंद. बाहेरची गिऱ्हाइकं चमचे वाजवायला लागली. कुणाचंच जेवण होईना, त्यात आमचंही. शेवटी मालकाच्या पुतण्याने अदबीने ओळखपत्र मागितलं. मी दाखवलं.

"भांडार व खरेदी," त्याने वाचलं. "म्हणजे तुम्ही काय खरेदी करता?"

"झाडू. टाचण्या. फायली."

"आणि इथे कशाला आलात?"

"जेवायला."

मालक वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त टोपी काढली, काल पहाटेपासून आम्ही भिंती घासतोय, म्हणाला, आणि आम्हाला दार उघडून दिलं. चारही टोप्या आमच्याकडे बघत होत्या. मी ताठ मानेने बाहेर पडलो, कारण मान खाली घातली तर वर येणार नाही अशी भीती होती. बरंच अंतर चालल्यावर बायकोने विचारलं, "जाळी खरंच सैल होती का?" मी म्हटलं, होती. "मग निदान कुणाचं तरी काम झालं," ती म्हणाली.

मधल्या जेवणांचं मी सांगत नाही, कारण ती झालीच नाहीत. पाव, केळी, शेंगदाणे, बिस्किटं. काकूंना कळलं असतं तर त्यांनी माझा सत्कार केला असता.

तिसऱ्या दिवशी संग्रहालय पाहून परत येताना तिच्या टाचेला चप्पल लागली. ती लंगडत होती आणि तक्रार करत नव्हती, आणि मला तेच सहन होईना. मी म्हणालो, "चल, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसू. एकही दरपत्रक नको." किती मोठा त्याग होता हे तिला कळलं असावं, कारण ती चक्क हसली. आम्ही कोपऱ्यावर पोचलो. शटर खाली होतं. साप्ताहिक सुट्टी.

मी त्या शटरला लाथ मारली. मी, वरिष्ठ लिपिक.

ठीक आहे, म्हटलं, घरी मागवू. वर आलो, फोनवरून जेवण मागवलं, गरम जेवण निघाल्याचं कळलं, जेवण दाराशी पोचल्याचंही कळलं. दाराशी कुणी नव्हतं. मग निरोप आला, ग्राहक जागेवर नाही, जेवण परत. मी जिन्याने खाली धावलो. वॉचमन शांतपणे खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, त्या फ्लॅटचे साहेब बाहेरगावी गेलेत, फ्लॅट बंद असल्याची त्याच्याकडे नोंद आहे. म्हटलं, अहो, आम्ही तिथे राहतोय, तुम्ही रोज आम्हाला बघता. तो म्हणाला, तुम्ही कुंड्यांना पाणी घालायला आलेली माणसं, तशीही नोंद आहे. पण फ्लॅट बंद आहे. बंद फ्लॅटमध्ये जेवण कसं सोडणार? एरवी मी त्या माणसाला आमच्या विभागात घेण्याची शिफारस केली असती. त्या वेळी मला त्याचा गळा धरावासा वाटला.

वर येऊन मेव्हण्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, ही माझीच चूक. सगळं ऐकून तो हसला आणि म्हणाला, "भाऊजी, एवढं काय त्यात? स्वयंपाकघरात सगळं भरलेलं आहे. ताई करेल की पटकन काहीतरी."

बायको उठली. तिने हातातल्या बांगड्या मागे सारल्या. आमच्या घरात ती रोज संध्याकाळी दारातून आत येते, पिशवी ठेवते आणि अशाच बांगड्या मागे सारते. मी ते हजारदा पाहिलंय, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस," मी म्हणालो. "चार दिवस संपले नाहीत अजून."

"उपाशी झोपायचं का?"

"बस म्हटलं ना."

आणि मी आत गेलो. मेव्हण्याच्या घरात हॉलची फरशी पांढरी आहे आणि स्वयंपाकघराची करडी. बायकोने खुर्ची ओढली, पुढचे पाय बरोबर पांढऱ्या फरशीच्या शेवटावर टेकवले आणि बसली. तिथून ती मला सूचना देऊ लागली. बटाटे सापडले, तांदूळ सापडले, शेगडी सापडेना. ओट्यावर एक काळी गुळगुळीत काच होती. तीच शेगडी, ती म्हणाली. बटण नाही, ज्योत नाही, बोट लावलं की किंचाळायची. मीही किंचाळलो. मग तिने सांगितलं की कुलपाच्या चित्रावर बोट दाबून धरा. हे तिला लांबून दिसलं, मला नवा नंबर असूनही जवळून दिसलं नव्हतं.

मी बटाटे सोलले. सालांसकट बराच बटाटा गेला, त्याला माझा इलाज नाही. तांदूळ किती घ्यायचे विचारलं तर ती म्हणाली, अंदाजाने. खरेदी विभागात अंदाज हा शब्दच नाही. मी पातेलंभर घेतले. पाणीही पातेलंभर. आणि मी मिठाचा डबा शोधायला पाठ फिरवली तेव्हा मागे सूं असा आवाज झाला. भाताने झाकण ढकललं होतं, फेस काचेवर उतरत होता, शेगडी किंचाळत होती, आणि बायको उठून उभी राहिली होती. तिचा दुखरा पाय उचललेला होता, करड्या फरशीच्या वर, हवेत.

"येऊ नकोस," मी ओरडलो. "तिथेच थांब. मी बघतो."

मी काय बघणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं. पण मी पातेलं उचललं, बोटं भाजली, पातेलं मोरीत ठेवलं, काच पुसली, पातेलं पुन्हा आणलं. सगळा वेळ तो पाय हवेत होता. मग तो हळूच मागे गेला आणि ती खुर्चीवर बसली.

जेवण मी टेबलावर वाढलं. भाताची लापशी झाली होती आणि भाजीतले बटाटे चावताना आवाज करत होते. मीठ एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला नाहीच. मी समोर उभा राहिलो, टोप्या घातलेले चौघे माझ्यासमोर उभे होते तसा. ती शांतपणे जेवत होती. घास चावत होती, पाणी पीत होती, पुन्हा घास घेत होती. ताटात वाढलेलं संपलं, तसं ताट तिने पुढे केलं आणि मी आणखी वाढलं.

न राहवून मी विचारलं, "कसं झालंय?"

तिने घास गिळला, विचार केला, आणि आमचे साहेब बघतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"एकाच दरपत्रकावर कसं सांगू? उद्या सकाळचं येऊ दे, दुपारचं येऊ दे. तीन झाली की तुलना करू."

मी भांडी घासायला आत गेलो. ती पाय वर घेऊन खुर्चीवर बसली होती, पांढऱ्या फरशीवर.